चोवीस तासांची शर्यत आणि मामांचा प्रश्न

बेल्जियममधील स्पा येथे जीटी गाड्यांची, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांची, २४ तासांची शर्यत सुरू होते, तेव्हा पुण्यात रात्रीचे साधारण ८ वाजलेले असतात. कोथरूडच्या घरी ती मी मामांसोबत पाहतो. मामांची नोकरी चाकणला इंजिन जुळणीवर झाली, त्यामुळे त्यांनी पहिल्याच वर्षी नेमके विचारले, "अरे, मर्सिडीजचे ६.२ लिटरचे व्ही८ इंजिन पुढे, पोर्शेचे सहा सिलिंडरचे मागे, फेरारीला टर्बो. यांची बरोबरी लावायची कशी?"

ती 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स'ने लावतात. प्रत्येक मॉडेलचे किमान वजन, इंजिनात जाणारी हवा किंवा टर्बोचा दाब आणि जमिनीपासूनची उंची आयोजक ठरवून देतात, आणि सर्किट बदलले की हे आकडेही बदलतात. वेगवान गाडीला मुद्दाम जड करणे अनेकांना अन्यायाचे वाटते. मला मात्र २००६ साली सुरू झालेला या गाड्यांचा जीटी३ वर्ग आजवर टिकला तो याच पद्धतीमुळे, असे ठामपणे वाटते. एकाच कंपनीचे वर्चस्व राहिले असते, तर बाकीच्यांनी केव्हाच काढता पाय घेतला असता.

या गाड्या कंपन्या खासगी संघांना विकतात. २०१६ पासूनच्या इंटरकॉन्टिनेंटल जीटी चॅलेंज या अनेक खंडांतल्या शर्यतींच्या मालिकेमध्ये अशा संघांनी ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची १२ तासांची किंवा स्पाची शर्यत गाजवली, की गुण त्यांच्या गाडीच्या कंपनीच्या खात्यात जमा होतात. चालकांनाही प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर व ब्राँझ अशा श्रेण्या असतात. ब्राँझ म्हणजे बहुधा नोकरी-व्यवसाय सांभाळणारा हौशी चालक. रात्रीच्या पावसात त्याने राखलेली एक फेरी मला मोलाची वाटते.

मामांना सर्वांत आवडते ती चालकांची अदलाबदल. उतरणारा चालक पट्टे सोडवून, आपल्या मापाची सीटमधली गादी उचलून बाहेर येतो. दुसरा स्वतःची गादी टाकून आत शिरतो, आणि रेडिओची वायर व पाण्याची नळी जोडून पहिलाच त्याचे पट्टे आवळतो.

स्पाची हीच शर्यत युरोपच्या एन्ड्युरन्स, म्हणजे दीर्घ शर्यतींच्या, मालिकेतही मोजली जाते व तिथे ६ आणि १२ तासांनंतरच्या क्रमांकांनाही गुण मिळतात. म्हणून मामा रात्री २ पर्यंत जागतात, आणि सकाळी ८ ला चहाचा कप हातात घेऊन पुन्हा पडद्यासमोर बसतात.