वाझूचा मेल वेळेवर यावा म्हणून

चवथीच्या सुट्टीत ऑफिसला कुलूप असतं, कळंगुटची हॉटेलं मात्र चालू. मशीनवरचे हल्ले टिपणाऱ्या वाझू या सुरक्षा-प्रणालीचा डॅशबोर्ड तेव्हा उघडणार कोण? भिस्त सगळी मेलवर, आणि मूळ सेटिंगवर सोडलं तर हवा तोच मेल येत नाही.

आधी मेल बाहेर कसा पडतो ते. वाझूला लॉगिन मागणाऱ्या मेल सर्व्हरशी बोलता येत नाही. म्हणून त्याच मशीनवर पोस्टफिक्स (मेल पुढे पाठवणारा प्रोग्राम) बसवायचं आणि वाझूच्या ओसेक.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये एसएमटीपी_सर्व्हर म्हणून लोकलहोस्ट, म्हणजे तेच मशीन, द्यायचं. उबुंटूवर लिबसॅसल२-मॉड्यूल्स हे पॅकेजही टाका, नाहीतर लॉगिनच होत नाही. जीमेलमधून पाठवायचं तर पोर्ट ५८७, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू आणि १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड. तो चार-चारच्या गटांत दिसतो, लिहिताना मधल्या जागा काढायच्या. बहुतेकांचं घोडं अडतं ते चौकटी कंसात: पोस्टफिक्सच्या रिलेहोस्टमध्ये (मेल ज्याच्याकडे सोपवायचा तो सर्व्हर) सर्व्हरचं नाव कंसात असेल तर पासवर्डच्या फाइलमध्येही ते तसंच, पोर्टसकट हवं. एक कंस सुटला की पोस्टफिक्सला पासवर्ड सापडत नाही. फाइल बदलली की पोस्टमॅप चालवा, म्हणजे पोस्टफिक्स वाचतं ती प्रत नव्याने बनते; परवानगी ६०० ठेवा, म्हणजे ती फक्त मालकालाच उघडते.

आता खरा मुद्दा. वाझूचा प्रत्येक नियम अलर्टला गंभीरतेची लेव्हल देतो. कितव्या लेव्हलपासून मेल जायचा ते ठरवणारी ईमेल_अलर्ट_लेव्हल मुळात १२ असते. एसएसएचवर (दुरून लॉगिन करायची सोय) पासवर्ड ठोकून बघणाऱ्याला पकडणारा नियम ५७१२ मात्र लेव्हल १० चा. म्हणजे हल्ला डॅशबोर्डवर दिसतो, मेल येत नाही. लेव्हल १० करा. ७ वर आणायचा मोह टाळा. तासाला १२ मेलची मर्यादा आहे, त्यावरचे अलर्ट अडवून ठेवले जातात आणि तास संपला की एकगठ्ठा येतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं, आणि ती लक्षात यायलाच तासभर उशीर झालेला परवडणार नाही.

पावसात वीज गेली की एजंट, म्हणजे एकेका मशीनवर बसवलेले वाझूचे प्रोग्राम, तुटतात. तो नियम ५०४, लेव्हल फक्त ३. सगळ्यांसाठी मेल लावला तर पहिल्याच वादळात फ्रंट डेस्कचे पीसी इनबॉक्स भरून टाकतील. यूपीएसवरच्या सर्व्हरपुरता लोकल_रूल्स या आपल्या नियमांच्या फाइलमध्ये नवा नियम लिहा: क्रमांक १००००० च्या पुढचा, ५०४ वर टेकलेला, त्या एजंटचं नाव जुळवणारा, ऑप्शन्समध्ये अलर्ट_बाय_ईमेल. मग लेव्हल कमी असली तरी मेल जातो.

मॅनेजर रीस्टार्ट करून दुसऱ्या मशीनवरून नसलेल्या युजरच्या नावाने तीन-चारदा एसएसएच करा, दर वेळी पासवर्ड तिन्हीदा चुकवा. १२० सेकंदांत ८ प्रयत्न झाले की ५७१२ पेटतो. मेल.लॉगमध्ये स्टेटस=सेंट दिसलं आणि इनबॉक्स रिकामा, तर स्पॅम बघा. डेफर्ड (मेल अडकला) दिसलं तर कारण त्याच ओळीत कंसात असतं. आणि जीमेलचा मुख्य पासवर्ड कुणी बदलला की ॲप पासवर्ड रद्द होतो, मेल गुपचूप थांबतात. त्या दिवशी नवा ॲप पासवर्ड, पोस्टमॅप आणि हीच चाचणी पुन्हा.