जुना फोन देताना रिसेट सगळ्यात शेवटी

जुना फोन विकायचा किंवा घरात कुणाला द्यायचा ठरला, की बहुतेकांचा हात थेट फॅक्टरी रिसेटकडे, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करण्याकडे जातो. आपला डेटा कुणी काढून घेईल ही धास्ती त्यामागे असते. पण आजच्या फोनमध्ये तो धोका मुळातच कमी झालाय. घाईत रिसेट केल्याने होणारे घोटाळे वेगळेच असतात: एक तर आपणच आपल्या खात्यांबाहेर अडकतो, नाहीतर फोन घेणाऱ्याला तो चालूच करता येत नाही.

सगळ्यात आधी ऑथेंटिकेटर अ‍ॅप बघा. लॉगिन करताना लागणारा सहा आकडी कोड त्या अ‍ॅपमध्ये साठवलेल्या गुप्त किल्लीवरून आणि घड्याळातल्या वेळेवरून तयार होतो. फोन पुसला की किल्लीही गेली, आणि नव्या फोनवर नुसतं अ‍ॅप टाकून ती परत येत नाही. गूगल ऑथेंटिकेटरला 2023 पासून खात्याशी सिंक करायची सोय आहे, पण अ‍ॅपमध्ये आपलं गूगल खातं जोडलेलं असेल तरच. नसेल, तर मेनूतल्या ‘ट्रान्सफर अकाउंट्स’मध्ये ‘एक्सपोर्ट’ निवडा आणि दिसणारा क्यूआर कोड नव्या फोनने स्कॅन करा. त्या क्यूआरचा फोटो काढून ठेवू नका. त्यात सगळ्या किल्ल्या असतात. मग दोन्ही फोन शेजारी ठेवून एकाच खात्याचा कोड बघा. दोन्हीकडे तेच सहा आकडे दिसले, की किल्ली नीट पोहोचली. आकडे वेगळे असतील तर आधी दोन्ही फोनची तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर आहे का ते तपासा, कारण हा कोड सहसा दर 30 सेकंदांनी बदलतो आणि घड्याळ थोडं जरी मागेपुढे असलं तरी जुळत नाही. जोडीला गूगलचे बॅकअप कोड (ऑथेंटिकेटर हाताशी नसतानाही आत जाता येईल असे) कागदावर उतरवून ठेवा. आठ आकडी दहा कोड मिळतात आणि प्रत्येक एकदाच चालतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथून घ्या आणि वर दिसणारी तारीख-वेळ आजचीच आहे ना, ते बघा. एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय कुणालाच न वाचता येणारा, बॅकअप चालू केला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा 64 आकडी-अक्षरी किल्ली हाताशी हवी. ती हरवली तर व्हॉट्सअ‍ॅपलाही तो बॅकअप उघडता येत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांना गूगल खात्यातला बॅकअप तिकडे वापरता येत नाही, हे अनेकांना जुना फोन पुसल्यावरच कळतं. चॅट हलवायचे तर ‘मूव्ह टू आयओएस’ अ‍ॅप लागतं, आणि त्यासाठी जुना फोन न पुसलेला, चालू आणि चार्जरला जोडलेला असावा लागतो.

फोटोंच्या बाबतीत एकच सांगणं: जागा रिकामी करायची म्हणून ते एकेक करून डिलीट करत बसू नका. सिंक चालू असेल तर क्लाउडमधलेही उडतात. आणि गूगल फोटोजमध्ये कॅमेऱ्याचे फोटो वर गेले म्हणजे सगळे गेले असं नाही. व्हॉट्सअ‍ॅप, स्क्रीनशॉट्स, डाउनलोड्स हे फोल्डर वेगळे चालू करावे लागतात. कॉम्प्युटरवर खातं उघडून प्रत्येक फोल्डरमधला एखादा फोटो दिसतो का, ते पाहून घ्या.

आता खाती काढा. अँड्रॉइड 5.1 पासून चोरीविरुद्ध एक कुलूप आलं आहे: फोन रिकव्हरी मेनूतून (बंद फोनची बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून) पुसला तर पुन्हा सुरू होताना तो आधीचंच गूगल खातं मागतो. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल खातं आधी काढा आणि रिसेटही सेटिंग्जमधूनच करा. गूगलचा पासवर्ड नुकताच रिसेट केला असेल तर 24 तास थांबा. आयफोनवर या कुलपाचं काम अ‍ॅक्टिव्हेशन लॉक करतो. अ‍ॅपल वॉच असेल तर आधी ते अनपेअर करा, मग अ‍ॅपल खात्यातून साइन आउट करा, म्हणजे ‘फाइंड माय’ही बंद होतं. फोन देऊन झाल्यावर हे आठवलं, तर आयक्लाउडच्या वेबसाइटवरून तो आधी इरेज करा आणि मग खात्यातून काढा.

सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. साध्या रिसेटमध्ये कार्ड सहसा पुसलं जात नाही, आणि कार्डावरच्या डिलीट केलेल्या फाइल फुकटच्या सॉफ्टवेअरनेही परत मिळतात. ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच असणारं सिम) नव्या फोनवर चालू झाल्यावरच जुन्यातून पुसा.

आता रिसेट. पुसल्यावर फोन फालतू व्हिडिओंनी भरून पुन्हा पुसायचा सल्ला अजून फिरतो. त्याची गरज उरलेली नाही. अँड्रॉइड 10 घेऊन बाजारात आलेल्या फोनांवर एन्क्रिप्शन सक्तीचं आहे, आयफोनवर ते त्याहून बरंच आधीपासून आहे. म्हणजे डेटा एका किल्लीने कुलूपबंद असतो. रिसेटमध्ये ती किल्लीच नष्ट होते, मग मागे उरलेला डेटा वाचता येत नाही. फार जुना अँड्रॉइड असेल तर सिक्युरिटी सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन चालू करा आणि मग रिसेट करा.

रिसेटनंतर स्वागताचा पडदा येईपर्यंत थांबा आणि वाय-फाय जोडून बघा. जुनं खातं मागितलं तर कुलूप राहिलंय: त्याच खात्याने आत जा, खातं काढा, पुन्हा रिसेट करा. शेवटी गूगल किंवा अ‍ॅपल खात्याच्या डिव्हाइस यादीतूनही तो फोन काढून टाका.

स्क्रीन फुटून टच बंद पडला असेल पण चित्र दिसत असेल, तर बहुतेक अँड्रॉइडना ओटीजी अ‍ॅडॉप्टरने (फोनला यूएसबी वस्तू जोडायच्या छोट्या जोडाने) साधा माउस जोडून ही सगळी कामं करता येतात. चित्रही दिसत नसेल, तर खात्यातून दुरून इरेजचा आदेश द्या. मात्र फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला असल्याशिवाय तो पोहोचत नाही. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबून बसवूही नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या आणि बॅटरी फुगली आहे हे त्यांना आधीच सांगा.