तुम्ही विचारलंत म्हणून: दादरा असताना स्विंग कशाला?

लग्नात, कार्यक्रमानंतर, एकदा तर अमळनेरच्या एसटीतसुद्धा तोच प्रश्न. "खान्देशातली पोरं तुम्ही, ढोल-डफ सोडून जॅझचं स्विंग कशाला वाजवत बसलात? आपला दादरा काय वाईट आहे?"

सोडलं काहीच नव्हतं हो. कॉलेजच्या आमच्या ग्रुपमध्ये ढोल होता, दोन डफ, ढोलकी, तबला आणि माझा ड्रमसेट. स्विंग वाजवायचं ते याच वाद्यांवर.

पूर्वी मी सांगून टाकायचो, "स्विंग म्हणजे दादराच." विषय मिटायचा. पण ते खरं नव्हतं. दादरा हा सहा मात्रांचा ताल, त्याच्या सहाही मात्रा बोलतात: धा धीं ना, धा तीं ना. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या त्या झुलत्या लयीत, एका मात्रेचे तीन भाग धरले तर मधला गप्प. राइडवर, म्हणजे ड्रमसेटच्या मोठ्या झांजेवर, टिंग, टिंग-क-टिंग, टिंग-क-टिंग. तो 'क' पुढच्या टिंगला खेटून येतो. लय चढली की तोच 'क' मागे सरकतो आणि लांब-आखूड जवळपास सारखं होतं. हे वहीत लिहून येत नाही, हातातच बसावं लागतं. शिवाय डाव्या पायाचं हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपली सगळी हयात समेवर, पहिल्या मात्रेवर, टाळी देण्यात गेलेली!

अमेरिकन जॅझ ड्रमर केनी क्लार्कने १९४० च्या सुमारास ठेका बास ड्रमवरून, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवरून, राइडवर नेला, बास ड्रम मधूनमधून बोलायला मोकळा झाला. आमच्यात ते काम ढोलाचं. प्रत्येक मात्रा ठोकू नकोस, हे माझ्या मित्राला पटवायला तीन आठवडे लागले. वरातीत वाढलेला हात तो. पण पटल्यावर त्याने ते असं धरलं की काय सांगू.

मग ती स्पर्धा. आम्ही रंगात आलो आणि पुढच्या रांगांनी टाळ्या धरल्या, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. प्रेमानेच. माझा डावा पाय त्यांच्याबरोबर गेला आणि पायामागून हातही. ढोल जागेवरच होता. आमच्यात एका मात्रेचं अंतर पडलं. डफ माझ्याकडे आले, तबला-ढोलकी त्याच्याकडे राहिले. चार आवर्तनं तसंच. शेवटी मीच हात वर केला. झांज वाजतच होती, ती तळव्याने दाबून बंद केली. टाळ्या त्यानंतर थांबल्या.

बाहेर व्हरांड्यात सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "तुझ्या ढोलामुळे गेलं."

"मनं काय चुकनं भो?" एवढंच तो बोलला.

मी उत्तर दिलं नाही. रात्री मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्याचा ढोल पहिल्यापासून शेवटपर्यंत जागचा हलला नव्हता. सोमवारच्या सरावाला तो आला नाही, नंतरही नाही. फोन करायला हवा होता. मी केला नाही.

तेव्हाचा मी म्हणेल, स्विंगने तुला ऐकायला शिकवलं. काय ऐकलं मी? शेजारचा ढोल ऐकू आला नाही मला. मग दादराच वाजवायला हवा होता? तेही मान्य नाही. तो दबलेला 'क' पहिल्यांदा हातातून निघाला त्या दिवशी वाटलं ते दुसऱ्या कशाने वाटलं नाही, आणि त्या दिवशी शेजारी तोच होता, हसत होता.

परवा पारोळ्यात एका वरातीत त्याचा ढोल ऐकला. मध्येच एक मात्रा मोकळी सोडत होता. मी कडेला उभा राहिलो, हाक मारली नाही.