लम्पीची मदत मिळवताना: माझा अनुभव

२०२२च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा साथीचा रोग, सापडल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आम्ही नगरकडचे लोक निवांत होतो. जळगाव लांब आहे म्हणे! गणपती उठले, जनावरांचे बाजार बंद झाले आणि पितृपक्षात आमच्या दावणीला पहिल्या गाठी दिसल्या. ताप, पायांना सूज, वैरण सोडलेली. लसीकरणाची गाडी गावात आली तोवर उशीर झाला होता. संकरित गाय गेली, मागोमाग कालवडही.

सरकारने मदत जाहीर केली होती: दुधाळ जनावराला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. तशी गाय विकत आणायला निघालो तर याच्या दुपटीत काम होत नाही. पण ३० हजारांना नको म्हणायची ऐपत कुणाची?

या मदतीचा सगळा जीव पंचनाम्यात. जनावर पुरण्याआधी तो झालाच पाहिजे. वास सुटतो, कुत्री घोटाळतात, घरचे म्हणतात उरका एकदाचं, तरी थांबायचं. पशुधन विकास अधिकारी, म्हणजे गुरांचे सरकारी डॉक्टर, आले, अंगावरच्या गाठी पाहिल्या, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर उतरवला, बिल्ल्यासकट फोटो काढले. पंचांच्या सह्या झाल्या. मग जेसीबीने खोल खड्डा, वर चुना आणि मीठ. गावात एकाच्या बैलाचा बिल्ला कुंपणात अडकून कधीच तुटला होता. त्याला बैल आपलाच आहे हे पटवून देता देता नाकी नऊ आले.

माझी हुज्जत झाली ती कालवडीवरून. ती सात महिन्यांची गाभण. तक्त्यात रकाने तीनच, आणि ती धड कशातच बसेना. डॉक्टरांनी वासरात धरली.

"डॉक्टर, दिवाळीनंतर व्याली असती ती."

"दादा, कळतंय मला. पण आज तिच्याखाली दूध कुठून दाखवू?"

माणूस खोटं बोलत नव्हता. १६ हजारांवर सही केली.

यादीत नाव लागलं, शेजाऱ्यांच्या खात्यावर पैसे जमा झाले, आमचे काही येईनात. पंचायत समितीत विचारलं तर रक्कम परत आलेली. आमची बँक मध्येच दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. शाखेचा आयएफएससी कोड बदलला, पासबुकावर मात्र जुनाच छापलेला. बँकेकडून नवा कोड लिहून घेतला, पासबुकाची प्रत पुन्हा जोडली, तेव्हा कुठे पैसे आले. त्यामुळे अर्जासोबत पासबुक जोडताना कोड आधी बँकेत विचारून घ्या.

दुसरी गाय मात्र वाचली. अंगावर व्रण राहिले, दूध निम्म्यावर आलं ते पुन्हा चढलंच नाही. मदत फक्त मेलेल्या जनावराला होती. हिचं दूध घटलं, त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. खुराक मात्र पहिल्याइतकाच लागतो.