स्टेमसाठी वेगळा तास कशाला, पोरांना पाऊस मोजू द्या

हल्ली पुण्यातल्या बऱ्याच प्राथमिक शाळांच्या माहितीपत्रकात स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र शिकवणं) हा शब्द असतो, आणि प्रत्यक्षात बघायला गेलं तर आठवड्यातून एक रोबोटिक्सचा तास, बाहेरून येणारे सर आणि फीमध्ये किटचे पैसे. मी चौथीला शिकवते आणि मला हे मनापासून खटकतं, कारण त्या तासाचा बाकीच्या दिवसाशी काही संबंधच नसतो. शाळांमध्ये मुलांनी वस्तू बनवून बघाव्यात म्हणून सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब आहेत, पण त्या सहावी ते बारावीसाठी, म्हणजे आपल्या लहान मुलांचं आपणच बघायचं.

आमच्याकडे जूनमध्ये पर्जन्यमापक करतात. प्लास्टिकची बाटली सरळ भागात कापायची, वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, बुडाचा वाकडातिकडा भाग भरेल इतकं पाणी आधीच घालून तिथे शून्याची खूण करायची आणि पट्टी चिकटवायची. एका मुलीने घरून मोठं नरसाळं आणून लावलं आणि तिच्या बाटलीत सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त पाऊस! मग वर्गात जी काही चर्चा झाली, की पाऊस जास्त पडला का तोंड मोठं म्हणून जास्त गोळा झाला, ती कुठल्याही धड्यातून झाली नसती. वाऱ्याने बाटल्या पडायला लागल्यावर मुलांनीच त्या वाळूच्या बादलीत रोवल्या.

गणिताच्या बाई यात आल्या तेव्हा खरी गंमत आली. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. गच्ची २० बाय १५ मीटर धरली आणि २५ मिलिमीटर पाऊस झाला तर ७,५०० लिटर, म्हणजे दहा हजारचा टँकर धरला तर पाऊण टँकर. सोसायटीत टँकर येणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. पेपरातला शिवाजीनगरचा आकडा आणि आमचा कोथरूडचा जुळत नाही, तेव्हा कोणाचं चुकलं असं मुलं विचारतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात हे त्यांना आधी पटतच नाही.

पुण्यात राहून महागड्या किटशिवाय हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कितीतरी वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली, ती सगळी नेटवर फुकट आहेत.

खरी अडचण सामानाची नाहीये, वेळेची आहे. परिसर अभ्यास, गणित आणि हस्तकला शिकवणारे आम्ही तिघी एकत्र बसलो तरच हे जुळतं, आणि वेळापत्रकात तो मोकळा तास नसतो, डबे खाताना उभ्या उभ्या ठरवावं लागतं. मुख्याध्यापकांनी किटच्या आधी शिक्षकांना आठवड्यातून एक सामाईक तास द्यावा, आणि त्या तासाला बदली तासिका लावू नये एवढीच विनंती आहे.