कापलेली पट्टी

दम्याच्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण हवामानतज्ज्ञ असतो. "कोकणची हवा दमट, तू घाटावर ये." "महिनाभर पाचगणीला जाऊन राहा." (पाचगणीत जुलै काढलेला माणूस हे बोलणार नाही. तिथे उशीसुद्धा ओली लागते.) माझा हवापालट बँकेच्या खर्चाने झाला. चिपळूण, सोलापूर, पुणे, अशा बदल्या होत गेल्या आणि प्रत्येक गावात माझ्या दम्याचं खापर त्या त्या गावच्या हवेवर फुटलं.

लहानपणी मला साधी धापसुद्धा लागली नव्हती. तिशीत, चिपळूणला, एक सर्दी झाली ती गेलीच नाही. नाक चोंदलं ते चोंदलंच. मग वास गेला. एकदा गॅसवर दूध करपून पातेलं काळं पडलं तरी मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. सासूबाई अंगणातून धावत आल्या. नाकात मांस वाढलंय, पॉलिप आहेत, असं निघालं. ऑपरेशन झालं, दोन वर्षांत पॉलिप परत हजर. तोवर रात्री छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या होत्या, पावसाळ्यात जास्तच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात भिंतीवरची बुरशी आणि गादीतले डोळ्यांना न दिसणारे किडे दोन्ही मजेत असतात. त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही.

२००८ साली सोलापूरला बदली झाली आणि हवा मानवली. खरंच मानवली. कपडे तासाभरात खडखडीत वाळायचे, रात्रीची झोप सलग लागायची. आता दमा कुठला, म्हणून रोजचा स्टिरॉइडचा पंप मी दोन महिन्यांत स्वतःच बंद केला. विचारलं कोणालाच नाही.

पुढच्या मे महिन्यात दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन लिहून दिली. डबा खाल्ल्यावर दीडला गोळी घेतली. सव्वादोनला नाकातून नळ सोडल्यासारखं पाणी, डोळे लालभडक, मान आणि चेहरा तापलेला. पाच मिनिटांत छाती अशी आवळली की काउंटरपलीकडच्या आजोबांना "थांबा" एवढंही म्हणता येईना. त्यांचं पासबुक हातात धरूनच मी खाली बसले. शिपायाने रिक्षा आणली. दवाखान्यात नेब्युलायझर, ऑक्सिजन, सलाइन. संध्याकाळी सगळ्यांचं एकमत झालं: ऊन आणि धूळ. मीही मान डोलावली.

दुसरी वेळ पुण्यातली, २०१३ चा डिसेंबर. कंबर धरली म्हणून एका दवाखान्यात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेतलं आणि अर्ध्या तासात तोच सगळा खेळ. या खेपेला दोन रात्री आयसीयूत गेल्या. निदान? "पुण्याची थंडी हो, कोरडी असते." आता थंड कोरड्या हवेने श्वासनळ्या आकसतात हे खोटं नाही. डिसेंबरात सकाळी फिरायला जाताना मी आजही नाकातोंडावर ओढणी गुंडाळते. पण थंडी घड्याळ लावून अर्ध्या तासाने येत नाही.

शेवटी छातीच्या एका डॉक्टरांनी, वयाने माझ्याहून लहान बाई होत्या, वेगळंच विचारलं. "मोठा अटॅक आला त्याच्या आधीच्या तीन तासांत तोंडात काय गेलं होतं?" मी सोलापूरची गोळी सांगितली, पुण्याचं इंजेक्शन सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि वास येत नाही तुम्हाला, बरोबर?"

दमा, नाकातले पॉलिप आणि अ‍ॅस्पिरिनच्या जातीच्या वेदनाशामकांचं वावडं, हे त्रिकूट आहे. फ्रान्समध्ये विदाल यांनी ते १९२२ मध्ये नोंदवलं होतं, १९६८ नंतर सॅम्टर यांच्या नावाने ते ओळखलं जाऊ लागलं. म्हणजे माझ्या जन्माआधीपासून हे पुस्तकात होतं. माझ्या फायलीत मात्र दहा वर्षं नुसती 'हवा' होती.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या पद्धतीने सांगते. आमच्या सुपारीच्या बागेत पाटाचं पाणी दोन फाट्यांना जातं. शरीरात एकाच कच्च्या मालापासून असेच दोन फाटे फुटतात. एका फाट्याला प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, त्यांच्यामुळे ताप आणि ठणका. दुसऱ्या फाट्याला ल्युकोट्रायीन, जी श्वासनळ्या आवळतात आणि नाकाला पूर आणतात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक पहिल्या फाट्याला बांध घालतात. पण तिथलंच एक प्रोस्टाग्लँडिन दुसऱ्या फाट्याला आवरून धरत असतं. ते आटलं की दुसरा फाटा फुटून वाहतो. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नाही, म्हणून त्वचेच्या चाचणीत सापडत नाही. खात्री करायची तर दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, गोळीचा डोस थोडा थोडा वाढवत देऊन बघतात. आणि आधी वर्षानुवर्षं चाललेली गोळी एक दिवस चालेनाशी होते. कॉलेजात मी डोकं दुखलं की पाण्यात विरघळणारी अ‍ॅस्पिरिन सर्रास घेत असे.

आता मला तापाला पॅरासिटामॉल चालतं, एका वेळी पाचशे मिलिग्रॅम. हजार घेऊ नका असं बजावलंय. रोज सकाळ-संध्याकाळ पंप, नंतर चूळ. रात्री माँटेल्युकास्ट, म्हणजे ल्युकोट्रायीनला अडवणारी गोळी. पहिले पंधरा दिवस त्याने अशी भयानक स्वप्नं पडली की मी झोपायलाच घाबरायचे, हे डॉक्टरांना सांगितलं ते बरं झालं. या गोळीच्या मनावरच्या परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये ठळक इशारा छापायला लावला. माझी स्वप्नं आपोआप थांबली. सगळ्यांची थांबतीलच असं नाही. पर्समध्ये हे वावडं लिहिलेलं एक कार्ड असतं. कारण छातीत दुखलं की लोक आधी अ‍ॅस्पिरिन चघळायला देतात.

खरी लढाई मेडिकलच्या काउंटरवर असते. चार गोळ्या मागितल्या की पट्टी कात्रीने कापून मिळते आणि घटकांची नावं नेमकी उरलेल्या तुकड्यावर राहतात. "साधी तापाचीच आहे हो ताई." साधी म्हणजे पुष्कळदा पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र. मी अख्खी पट्टी मागते, चष्मा लावून मागची बाजू वाचते. मागे रांगेतले लोक उसासे टाकतात. टाकू देत.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या माहेरच्या घरात माळ्याला टेकलं. आठवड्याने मी गेले. दादा फावड्याने चिखल ओढत होता, वहिनी भांडी धूत होती, वीज नव्हती. भिंतींवर छातीएवढ्या उंचीपर्यंत काळ्या-हिरव्या बुरशीची नक्षी. मला वास येत नसल्याने मास्क काढून अर्धा तास मी आत वावरले. वास येणारा माणूस उंबऱ्यातूनच परतला असता. दुपारी डोकं ठणकायला लागलं. आत्याने मदतीच्या पाकिटातल्या गोळ्या पुढे केल्या. "घे गं, बरं वाटेल." पट्टीचा कापलेला तुकडा, दोन गोळ्या, नाव नाही. घेतली नाही. आत्या रुसली.

तरी संध्याकाळी छाती बंद पडलीच. त्या बुरशीला काही पट्टी वाचायची गरज नव्हती. पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, स्पेसरमधून, औषधाचे चार फवारे, वीस मिनिटांनी पुन्हा चार, मग टेकडीवरच्या चुलतभावाकडे मुक्काम. डॉक्टरबाईंनी फोनवर पाच दिवसांचं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, सांगितलं. या गोळीने माझ्या नाकातले पॉलिप थोडे दिवस आक्रसतात.

तिसऱ्या दिवशी दादाने आईची पत्र्याची पेटी ओट्यावर उघडली आणि मला वास आला. किती वर्षांनी! लुगड्यांचा कुबट, ओला, गाळाचा वास.

"टाकून देऊ ना हे?" दादाने विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं.