हातोडी आडवी ठेवली तेव्हा

लोहाराच्या भट्टीवर एक माणूस पुरत नाही. एकाने तापलेलं लोखंड सांडशीत धरायचं आणि छोट्या हातोडीने खूण करायची, दुसऱ्याने नेमक्या त्याच जागी घण घालायचा. आमच्या घरी हातोडी बाबांची आणि आठवीपासून घण माझा. काम चालू असताना बोलणं नसायचं. हातोडी कुठे पडली, किती जोरात पडली, त्यावरून घणाने समजून घ्यायचं. ती ऐरणीवर आडवी ठेवली की घण थांबवायचा. बाबा हे आजोबांकडून शिकले, आजोबा त्यांच्या वडिलांकडून.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि वर्गाआधी ऐरणच डोळ्यांसमोर आली. शाळेने मला जे दिलं त्याची किंमत घरी दुसऱ्या कुणीतरी मोजली. ते वगळून नुसती कृतज्ञता लिहिली तर ती अर्धीच होईल.

नववीत विज्ञानाच्या बाई साबणाच्या फुग्यावरचे रंग समजावत होत्या. फुग्याची कातडी अतिशय पातळ असते, तिच्या पुढच्या आणि मागच्या बाजूने परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि जाडीप्रमाणे रंग बदलतो. मी हात वर केला. म्हटलं, "बाई, असे रंग आमच्या छिन्नीवर येतात."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि सगळं सांगायला लावलं. मी सांगितलं, की छिन्नीला पाणी दिलं, म्हणजे तापवून तिचं टोक पाण्यात बुडवलं, की ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून तिचं टोक घासून चकचकीत करायचं आणि मागच्या अंगातली ऊब हळूहळू टोकाकडे येऊ द्यायची. आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा टोकाशी पोचला की लगेच पुन्हा पाण्यात. निळा पुढे सरकला तर छिन्नी मऊ पडते, सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

बाईंनी वहीत टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या वाचून आल्या होत्या. पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, तोच फुग्याच्या कातडीचं काम करतो. पिवळा सुमारे २२० अंश सेल्सिअसला, निळा ३०० च्या आसपास. बाबांच्या डोळ्यांना जे माहीत होतं त्याला आकडा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. धावत घरी जाऊन त्यांना सांगितलं.

"रंग दिसतोय ना? मग आकडा कशाला?" बाबा म्हणाले.

त्यांचं चुकलं नव्हतं. मला मात्र आकडाच हवा होता.

पुढे बाईंनी शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेचं छोटं चरित्र वाचायला दिलं. हा १७९१ चा जन्म, लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला, बांधता बांधता वाचत गेला आणि १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेचा मदतनीस झाला. ते पुस्तक मी तीनदा वाचलं. मला एक पान हवं होतं, वडिलांना त्याने कसं सांगितलं याचं. ते नव्हतंच. फॅरडेचे वडील १८१० मध्येच वारले होते.

मला सांगावं लागणार होतं. दहावीचा निकाल लागल्यावर एका सकाळी, भाता चालू असताना म्हटलं, "बाबा, मला पुढे शिकायचंय. भौतिकशास्त्र."

त्यांनी लोखंड बाहेर काढलं. पिवळं धमक, घणाला अगदी तयार. हातोडीचा एक टोला पडला, मी घण घातला. दुसरा टोला, पुन्हा घण. मग त्यांनी हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली. लोखंड पिवळ्याचं लाल झालं, लालाचं काळं. तापलेलं लोखंड असं वाया जाऊ देताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"जा," म्हणाले. एवढंच.

मोठी कामं त्यांनी त्यानंतर बंद केली. एकट्याला झेपतील अशी घेऊ लागले, टांगायचे आकडे, खिळे, विळे. हे मला पहिल्या सुट्टीत कळलं, तेही कोपऱ्यात साठलेल्या मालावरून. ते स्वतः बोलले नाहीत. घरचं काम सोडून जाणाऱ्या मुलाचं कौतुक समारंभात खूप होतं. मागे राहणाऱ्या माणसाचा एक हात कमी झालेला असतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. आज जी मुलं अशा उंबरठ्यावर आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की बाईंना किंवा मामांना पुढे करू नका. घरी स्वतः सांगा, आणि समोर उभं राहून सांगा.

आज मी ताऱ्यांचे वर्णपट मोजतो. रंगावरून तापमान ठरवणं, हेच काम. भट्टीवर उजेड कमी का ठेवतात, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. उजेडात लोखंडाचा रंग फसवतो. दुर्बिणीलाही अंधारच लागतो.

एकदा बाबांना दुर्बिणीतून मृग नक्षत्रातला काक्षी हा तांबूस तारा दाखवला. पृष्ठभाग सुमारे ३,३०० अंश सेल्सिअस, सूर्याचा ५,५००, हे सांगायला मी तोंड उघडणार, तोवर ते बराच वेळ डोळा लावून म्हणाले, "हा अजून कमी तापलाय."

त्या रात्री आम्ही खूप बोललो. इतकं पूर्वी कधी बोललो नव्हतो.

बाबा आता भट्टी पेटवत नाहीत. घण भिंतीला टेकून उभा आहे. पूर्वी घणाचा दांडा दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागायचा. मी गेलो त्या वर्षी बसवलेला दांडा अजून तसाच आहे.